सातवा फर्मा

डायलिसिसच्या खोलीत माणसाला एकच हात असतो. दुसरा हात मशीनचा. त्या हातात दोन सुया खुपसलेल्या असतात. एका नळीतून रक्त बाहेर जातं, मशीनमध्ये धुतलं जातं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. हे चालू असताना तो हात उशीवर सरळ ठेवून द्यायचा. जरा वाकवला की मशीन बोंबलतं आणि सिस्टर धावत येते. उरलेल्या हाताने नाक खाजवता येतं, फोन धरता येतो, पांघरूण वर ओढता येतं. जाडजूड पुस्तक मात्र धरता येत नाही. कसंबसं धरलंच, तर पान उलटायला तिसरा हात कुठून आणायचा?

ही अडचण सोडवली बाइंडरबाईंनी.

त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. आख्खी हयात त्यांनी उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरींत लोंबकळत काढली, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर ते काम सुटलं आणि दिवसाआड सकाळी या खोलीत येऊन पडणं नशिबी आलं. खोलीत भिंतीवर एक टीव्ही होता. त्याच्यावर सदानकदा कुणीतरी कुणाशी तरी भांडत असे. मिस्त्री छताकडे बघत पडून राहत आणि घरी आले की कुणाशी बोलत नसत.

घराच्या खालीच बाइंडरबाईंचं दुकान होतं. जुनी, खिळखिळी झालेली पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, नवा पुठ्ठा चढवायचा, हे त्यांचं काम. आता पुस्तक कसं तयार होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. छापखान्यात एकेक पान सुटं छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि तो कागद घडीवर घडी घालून पुस्तकाच्या मापाचा करतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचून दोऱ्याने शिवले की पुस्तक होतं. म्हणजे पुस्तक उसवलं, की हातात येतात सोळा सोळा पानांच्या चतकोर वह्या. वजन जवळजवळ नाहीच. एका हातात मावतात आणि अंगठ्याने पान उलटतं.

वाचनालयातून दुरुस्तीला आलेल्या गठ्ठ्यात एका जपानी कादंबरीचे दोन भाग होते, मराठी अनुवाद. दोन्ही पार खिळखिळे झालेले. बाईंनी ते उसवून ठेवले होते. त्यातला वरचा फर्मा त्यांनी एका सकाळी पिशवीत टाकला आणि मिस्त्रींच्या मोकळ्या हातात दिला.

"हे काय?"

"वाचा. पडून पडून छताला भोक पाडाल."

"मी? वायरिंगच्या नकाशाशिवाय मी आयुष्यात काही वाचलेलं नाही."

"मग हाही नकाशा समजा."

मिस्त्रींनी वाचायला घेतलं, ते केवळ टीव्हीकडे बघावं लागू नये म्हणून.

गोष्ट अशी होती. जपानातल्या एका लहानशा गावात एक रेल्वे स्टेशन आहे. गाड्या फार येत नाहीत. तिथले निवृत्त स्टेशनमास्तर, सगळे त्यांना आजोबा म्हणतात, प्रतीक्षालयात पुस्तकांच्या फळ्या लावतात. गाडीची वाट बघणाऱ्याने पुस्तक घ्यावं, प्रवासात वाचावं, परत येताना आणून ठेवावं. कधी शाळकरी मुलगी येते, कधी नोकरी सुटलेला माणूस येतो, कधी नवऱ्याशी अबोला धरलेली बाई येते. आजोबा त्यांना चहा देतात, फारसं बोलत नाहीत आणि फळीवरचं नेमकं पुस्तक काढून देतात. बाहेर बर्फ पडतो. आत शेगडी असते. एक म्हातारं मांजर असतं, ते कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर झोपतं. बस्स.

मिस्त्रींनी फर्मा संपवून शेजारच्या खुर्चीवरच्या मावशींना दिला. मावशींची बेकरी होती, ती आता सून चालवायची. मावशींनी वाचून पुढच्या खुर्चीवरच्या वकीलसाहेबांना दिला. आणि वकीलसाहेबांकडून तो खिडकीजवळच्या पोस्टमनकडे गेला. असा फर्मा फिरायला लागला. प्रत्येक वेळी बाई नवा फर्मा आणत, आणि खोलीतला प्रत्येक माणूस आधीच्या माणसाच्या थोडा मागे असे. फर्मा वाक्याच्या मध्येच संपतो, त्याला गोष्टीशी काही देणंघेणं नसतं. म्हणून मावशी मिस्त्रींच्या तोंडाकडे डोळे लावून बसत.

"मांजर मेलं नाही ना हो? तेवढंच सांगा."

"सांगायचं नाही असं ठरलंय."

"अहो, हसून सांगताय म्हणजे नाही मेलं."

वकीलसाहेबांना मात्र सगळ्याचाच राग. "हे काय पुस्तक आहे? ह्यात काही घडतच नाही. बाई आली, चहा प्यायली, पुस्तक घेतलं, खिडकीतून बघितलं. मी वाट बघतोय, आता खून पडेल, निदान चोरी होईल. त्या प्रतीक्षालयाचं भाडं कोण भरतं, ते तरी सांगा कुणीतरी!"

"तुम्हाला कशाला पंचाईत?" मावशी म्हणाल्या. "माझ्या आयुष्यात इतकं काही घडून गेलंय, की आता मला काही न घडणारंच वाचायचंय."

वकीलसाहेबांनी नाक मुरडलं. पण फर्मा मागायचे कधी विसरले नाहीत.

मग एका सकाळी खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. सिस्टरने तिच्यावर नवी चादर घातली होती आणि त्या दिवशी ती कुणाशीच थट्टा करत नव्हती. अशा खोलीत असं झालं की कुणी विचारत नाही. सगळ्यांना कळतं. पोस्टमनच्या उशाशी राहिलेला चौथा फर्मा सिस्टरने आणून बाईंच्या हातात दिला. घडीच्या आत, ते जिथवर वाचून झालं होतं तिथे, कापसाचा एक बोळा ठेवलेला होता.

बऱ्याच वेळाने वकीलसाहेबांनी हात पुढे केला. "पुढचं द्या. आज भाड्याचं नाही बोलत."

त्या दिवशी सगळ्यांनी मुकाट्याने वाचलं. गाडी आली, एक म्हातारी उतरली, आजोबांनी तिची छत्री झटकून उभी करून ठेवली. इतकंच. पण बाइंडरबाईंनी दारातून पाहिलं, तर तिघांचेही श्वास संथ झाले होते. कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखे.

मिस्त्री बदलले. घरी आल्यावर दोन शब्द बोलू लागले. दुपारी त्यांना झोप लागायला लागली. बाइंडरबाईंना वाटलं, चला, एक गोष्ट तरी आपल्या हातून बरी झाली.

पण खरी गोष्ट होती तिथेच होती. ती अशी, की त्यांच्या लेकीची किडनी मिस्त्रींना जुळत होती. लेकीने स्वतःहून तपासण्या करून घेतल्या होत्या, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला होता आणि मिस्त्री नाही म्हणून बसले होते. सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आज तुमचं हृदय साथ देतंय. असंच मशीनवर वर्ष काढलंत तर उद्या मीच ऑपरेशन नको म्हणेन. घाई करत नाही, पण फार वेळही नाही." त्यावर मिस्त्रींनी मान हलवली होती आणि बाहेर आल्यावर म्हणाले होते, "लेकीचं अंग फाडून मी जगायचं? तो विषय बंद."

नंतर कुणी विषय काढला की ते म्हणत, "हे पुस्तक संपू दे. मग बघू."

लेकीला घरात छोटी म्हणत. वयाने काही छोटी नव्हती. एका जलतरण तलावावर ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. खांदे रुंद, आवाज खणखणीत, केसांना कायम तलावाच्या औषधाचा वास. एके दिवशी ती कामावरून थेट आईच्या दुकानात आली आणि टेबलावर चाकूशेजारी आपली पिशवी आपटून म्हणाली,

"आई, हे तू पुरवतेस."

"काय पुरवते?"

"हे. जपानी गोळ्या. एक संपली की दुसरी. अजून दुसरा भाग आहे म्हणे? मग तिसरा येईल. बाबांना मस्त गुंगी आलीय. डॉक्टरांचा फोन आला की म्हणतात, पुस्तक संपू दे."

"अगं, त्यांना बरं वाटतंय जरा."

"बरं वाटणं आणि बरं होणं एकच असतं का?" छोटीचा आवाज चढला. मग तिने तो खाली आणला. "त्या पुस्तकात म्हणे सगळे एकमेकांचं शांतपणे ऐकून घेतात. आणि बाबा ते वाचतात, डोळे पुसतात, आणि माझं मात्र ऐकत नाहीत. आई, मी रोज इवल्याइवल्या पोरांना पाठीवर तरंगायला शिकवते. त्यांना एकच सांगते, माझा हात खाली आहे, अंग सोड. चार वर्षांची पोरं ऐकतात गं. हा बाप्या ऐकत नाही."

बाइंडरबाई दोऱ्याला मेण लावत राहिल्या. त्यांनी ते पुस्तक वाचलेलंही नव्हतं. बाइंडर पुस्तक वाचत नाही, वाचत बसला तर कामं कधी उरकणार? बाइंडर फक्त सांधे बघतो. एका फर्म्याचं तुटलेलं वाक्य पुढच्या फर्म्याच्या पहिल्या ओळीशी जुळतं की नाही, पानांचे आकडे लागोपाठ आहेत की नाहीत, झालं. हजारो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती आणि त्या सगळ्यांची त्यांना फक्त अर्धी अर्धी वाक्यं माहीत होती.

"पुढचा देऊ नको," छोटी जाताना म्हणाली. "निदान थोडे दिवस."

बाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी फर्मा दिलाच. तो सातवा होता. सहाव्याच्या शेवटी वाक्य तुटलं होतं असं: "आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला, नातीकडे पाहिलं आणि". सातव्याची पहिली ओळ होती: "म्हणाले, आजचा बर्फ लवकर थांबेल." जुळलं. आकडे बरोबर होते. बाईंनी फर्मा पिशवीत टाकला.

चूक कळली ती त्यानंतर. वाचनालयाचा कारकून दोनदा येऊन तगादा लावून गेला होता, म्हणून त्यांनी दुसरा भाग शिवायला घेतला. सहा फर्मे ओवून झाले आणि सातव्याचा सांधा काही केल्या बसेना. सहाव्याच्या शेवटी बर्फ पडत होता आणि सातव्याच्या सुरुवातीला कुणीतरी मान हलवत होतं. बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग हातातली सुई खाली ठेवली.

दोन्ही भाग एकाच छापखान्यातले. कागद तोच, अक्षर तेच, फर्म्याच्या तळाशी नुसता आकडा, पुस्तकाचं नाव नाही. पहिल्या भागाचा सातवा आणि दुसऱ्या भागाचा सातवा यांच्यावरचे पानांचे आकडेसुद्धा तेच. उसवताना दोघांची अदलाबदल झाली होती. आणि तुटलेलं वाक्य योगायोगाने असं काही जुळलं होतं, की बाईंनाही संशय आला नाही. दुसऱ्या भागाचा सातवा फर्मा इस्पितळात वाचला जात होता. पहिल्या भागाचा, खरा, इथे त्यांच्यासमोर पडला होता.

पुढच्या खेपेला त्या खरा फर्मा घेऊनच खोलीकडे गेल्या. एव्हाना चुकीचा सातवा तिघांचाही वाचून झाला होता. दारातच त्यांना वकीलसाहेबांचा आवाज ऐकू आला आणि त्या थबकल्या.

"साफ गाळलंय! कोर्टात मी असं केलं तर न्यायाधीश मला गचांडी देतील. आठवा जरा. सहाव्या फर्म्यात काय होतं? आजोबांची नजर अधू होत चाललीय. नात म्हणते, मी शहरातली नोकरी सोडून इथे येते, तुमचे डोळे होईन. आजोबा म्हणतात, अजिबात नाही, तुझं आयुष्य तू माझ्या फळ्यांवर रचायचं नाही. पुन्हा पुन्हा म्हणतात. बरोबर? आणि सातव्यात ती येऊन राहिलेलीसुद्धा आहे! तिच्या सपाता दाराशी आहेत. ती त्यांना पुस्तकं वाचून दाखवतेय. आजोबा खुशाल बर्फाच्या गप्पा मारतायत. मधलं काय झालं? हो कधी म्हणाला हा माणूस?"

"म्हणाला असेल हो," मावशी म्हणाल्या. "माणसाचं मन बदलतं."

"आपोआप बदलतं? भाकरीसारखं कुणालातरी उलथावं लागतं."

"मला विचाराल तर," मावशींनी मोकळ्या हाताने चष्मा वर सरकवला, "तिनं परत विचारलंच नसेल. सरळ बॅग घेऊन आली असेल. माझी सून अशीच आली बेकरीत. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं पीठ मळायला घेतलं होतं."

"नात रडली असेल," सिस्टर मशीनचे आकडे बघत म्हणाली. "आजोबा लोकांना रडणं सोसत नाही."

"दटावलं असेल," वकीलसाहेब म्हणाले. "मी असतो तर दटावलं असतं. तुम्ही आंधळे व्हाल, जिन्यावरून पडाल, मग मलाच यावं लागेल, त्यापेक्षा आत्ता येते. बिनतोड मुद्दा आहे. मिस्त्री, तुम्ही काहीच बोलत नाही? सगळ्यांच्या आधी तुम्ही वाचलंय."

मिस्त्री छताकडे बघत होते. बाइंडरबाईंना दारातून त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"मी पण तेच शोधतोय," ते म्हणाले. "दोन दिवस शोधतोय. पहिल्यांदा वाटलं, आपल्याच नजरेतून सुटलं. परत वाचलं. मग सहावा मागून घेतला, तो परत वाचला." त्यांनी मोकळ्या हाताने पांघरूण वर ओढलं. "त्या म्हाताऱ्याचं बघा. तो नातीला सगळं सांगतो. तू हे करू नको, तुझी नोकरी, तुझं वय. सगळं सांगतो. पण तिला विचारत एकदाही नाही."

"काय विचारायचं?"

"तेच मला कळत नाही. पण त्यानं काहीतरी विचारलं असणार. नुसतं सांगत राहून माणूस नाहीवरनं होवर येत नाही."

वकीलसाहेबांनी सातवा फर्मा पुन्हा उघडला.

बाइंडरबाईंना वाटलं, परत फिरावं. खरा फर्मा पिशवीतच राहू द्यावा. पण हयातभर सांधे जुळवलेल्या बाईला चुकीचा सांधा तसाच सोडता येईना. त्या आत गेल्या आणि म्हणाल्या,

"चूक माझी झालीय. तुम्ही वाचलंत ते दुसऱ्या भागातलं आहे. खरा सातवा हा."

एक क्षण कुणाला काही उमगलं नाही. मग मावशी हसायला लागल्या, इतक्या की त्यांचं मशीन बोंबललं. "म्हणजे आम्ही आख्ख्या एका भागाची उडी मारली होय!"

"मी म्हणत नव्हतो?" वकीलसाहेब खुर्चीत उठून बसायला गेले आणि सिस्टरने त्यांना दाबून बसवलं. "गाळलेलं होतंच! आणा इकडे. आज रांग नाही. मी मोठ्यानं वाचतो."

मोकळ्या हातात फर्मा धरून त्यांनी घसा खाकरला. मिस्त्रींनी मान वळवली. बाइंडरबाई त्यांच्या पायाशी स्टुलावर बसल्या. आपण बांधलेल्या पुस्तकातली गोष्ट त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला, नातीकडे पाहिलं आणि," वकीलसाहेबांनी सहाव्यातलं वाक्य पाठ म्हटलं आणि फर्म्याकडे नजर टाकली, "हळूच मान हलवली. तसं तर तसं, ते म्हणाले. शेगडीतला निखारा लालसर झाला. मांजराने कूस बदलली. पहिली गाडी यायला अजून अवकाश होता."

ते थांबले. पान उलटलं. पुढचं नजरेने वाचलं. पुन्हा मागे आले.

"पुढे?" मावशी म्हणाल्या.

"पुढे नात सूप करते."

"म्हणजे झालं?"

"झालं. तसं तर तसं." वकीलसाहेबांनी फर्मा मांडीवर ठेवला. त्यांच्या आवाजातला जोर गेला होता. "ह्याच्यासाठी मी इतका वाद घातला."

"मांजरानं कूस बदलली म्हणे," सिस्टर म्हणाली.

मावशींनी त्या लेखकाची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. "छान आहे की. शांतपणे झालं सगळं. भांडण नाही, तंटा नाही."

"छान आहे," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चांगला माणूस दिसतो लिहिणारा. आपल्याला त्रास होऊ नये म्हणून तिथून पाय काढता घेतला त्यानं. पण असं नसतं, मावशी. इतकं सोपं असतं तर मी इथे नसतो."

हे ते सगळ्यांसमोर बोलले. त्यांच्या लेकीचं प्रकरण खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण मिस्त्रींनी स्वतः ते कधी काढलं नव्हतं. मावशींनी आपला मोकळा हात पुढे करून त्यांच्या खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. दोघांच्या मधल्या अंतरात तो हात तेवढाच पोचत होता.

घरी जाताना बसमध्ये मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. डायलिसिसनंतर ते दमलेलेच असत. त्यांच्या मनात छोटीचं बोलणं घोळत होतं. गुंगी म्हणाली होती पोरगी. तिचं चुकलं असंही म्हणवेना. त्या पुस्तकाने मिस्त्रींना झोप दिली होती, पोस्टमन गेला त्या दिवशी धीर दिला होता. पण नेमकं जिथे हात धरायला हवा होता तिथे ते पुस्तक मांजराकडे बघायला लागलं. मग बाईंना वाटलं, पुस्तकाने तरी किती करावं? पडलेल्या माणसाला बसतं करतं, हे काय कमी आहे? उठायचं ज्याचं त्याला.

संध्याकाळी छोटी आली. येताना तलावावरून तशीच आली होती, ओले केस टॉवेलात गुंडाळलेले. स्वयंपाकघरात ती आईला पोळ्या लाटू लागली आणि एका मुलीची नक्कल करून दाखवू लागली. ती मुलगी पाण्यात उतरायच्या आधी रोज पाण्याला नमस्कार करते आणि वर बजावून सांगते, की नाकात जायचं नाही हं.

मिस्त्री भिंतीला धरत दाराशी आले. नेहमी ते या वेळी पडून असत. त्यांनी स्टूल ओढलं आणि ओट्याला टेकून बसले. छोटीने आईकडे बघितलं, आईने तव्याकडे.

"छोटे."

"काय बाबा?"

"दुखेल का गं?"

छोटीच्या हातातलं लाटणं थांबलं. बापाच्या प्रत्येक मुद्द्यावर तिच्याकडे उत्तर तयार असायचं. डॉक्टरांचे दाखले, आकडे, एका किडनीवर धडधाकट जगणाऱ्या माणसांच्या कहाण्या, सगळं तिला तोंडपाठ होतं. हा मुद्दा नव्हता.

"दुखेल," ती म्हणाली. "म्हणजे सुरुवातीला बऱ्यापैकी दुखतं म्हणतात. हसताना, खोकताना. मग कमी होतं."

"पाण्यात परत कधी उतरशील?"

"काही महिने नाही."

"पोरांचं काय?"

"दुसरी एक जण आहे, ती बघेल. पोरं रडतील थोडी." तिने पीठ लागलेल्या मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले. "मग मला विसरतील. मग मी परत जाईन."

"तुला भीती वाटते?"

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. बाइंडरबाईंनी गॅस बंद केला, पण पोळी उचलली नाही.

"वाटते," छोटी म्हणाली. "रात्री वाटते. हे मी कुणालाच सांगितलं नाही, कारण मला वाटलं, तुम्हाला तेवढंच निमित्त मिळेल."

"मला पण वाटते," मिस्त्री म्हणाले. "माझ्यापेक्षा तुझीच जास्त. मी आपला ओरडत राहिलो, विषय बंद, विषय बंद. तुला काय वाटतं ते विचारलं, आणि तू भीती वाटते म्हणालीस, तर पुढे काय बोलायचं, ते मला येत नव्हतं."

"मग आता येतंय?"

"नाही येत."

छोटी हसली. आणि मग टॉवेलाच्या टोकाने डोळे पुसले, केस पुसल्यासारखं करून.

"कुठे कापतात?" मिस्त्रींनी विचारलं.

तिने हात धुतले. मग सदरा एका बाजूने थोडा वर केला आणि डाव्या कुशीवर, फासळ्यांच्या खाली, बोट ठेवलं. तिथल्या कातडीवर गारठ्याने काटा आला होता. मिस्त्री बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले. एखाद्या विहिरीत उतरायच्या आधी ते असेच, कुणाशी न बोलता, खाली बघत उभे राहायचे, हे बाइंडरबाईंना ठाऊक होतं.

"झाक," मिस्त्री म्हणाले. "गारठशील."

मग ओट्याला धरून उठता उठता, लेकीकडे न बघता, ते म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना सकाळी फोन लाव. मी बोलतो."